बारोदरसे म्हणजे किती?
(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेले भाषण)



चिटणीस बाईंनी मला "शिक्षणावर दोन शब्द बोला" असे सांगितले, तेव्हा मी हातातले ब्लाउज खाली ठेवून त्यांच्याकडे पाहातच राहिले. म्हटले, "अहो, मी सातवी पास. शाळेतल्या बाईंना बोलवा." त्या म्हणाल्या, "शाळेतल्या बाई दरवर्षी बोलतात. यंदा एका आईने बोलावे." आता यावर काय म्हणणार? तेव्हा गाठीला असलेले चार अनुभव कागदावर लिहून आणले आहेत. चुकले-माकले तर सांभाळून घ्या.

आमच्या घरी या विषयावर वरचेवर खटका उडतो. माझी मुलगी बारावीत आहे. तिचे म्हणणे, पाठांतर म्हणजे नुसती पोपटपंची. सगळे मोबाईलवर मिळते, डोके विचार करायला मोकळे ठेवावे. सासूबाईंचे म्हणणे याच्या अगदी उलट. त्यांच्या वेळी तीसपर्यंत पाढे आणि वर पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी तोंडपाठ. हल्लीच्या मुलांना पाव किलोचा भाव विचारला की ती आधी फोन काढतात. दोघींचेही बोलणे ऐकताना मला खरेच वाटते, आणि दोघींच्या मधे मी पोळपाट-लाटणे घेऊन बसलेली असते. तेथे बसून जे सुचले तेच आज सांगणार आहे.

माझे माहेर जत तालुक्यात. शाळेत एका खोलीत दोन वर्ग बसत. आमचे गुरुजी निवृत्तीला आलेले, जुन्या वळणाचे. संध्याकाळी शाळा सुटण्याआधी उभे राहून तीसपर्यंत पाढे म्हणायचे, आणि तेही त्यांच्या जुन्या शब्दांत. "सोळा साते बारोदरसे" असे आम्ही मोठ्या तालात म्हणत असू. पाटीवर ११२ असा आकडा काढायचा हेही पाठ होते. परंतु 'बारोदरसे' हा काय शब्द आहे, हे आमच्यापैकी एकालाही ठाऊक नव्हते आणि विचारायची छाती नव्हती. मला तर ते एखाद्या गावाचे नाव वाटे.

पाचवीत असताना एकदा ओसरीवर पाढे म्हणत होते. आजोबा बाजारातून आले होते. ते शाळेत फारसे गेलेले नव्हते. पण शेळ्यामेंढ्यांच्या बाजारात त्यांचा हिशेब कोणी खोडीत नसे. त्यांनी विचारले, "बारोदरसे म्हणजे किती गं?" मी म्हटले, "एकशे बारा." "ते झालं. पण बारोदरसे का म्हणायचं?" मी गप्प. तेव्हा त्यांनी सांगितले, "बारा उत्तर शे. उत्तर म्हणजे वर. शंभराच्या वर बारा. दाहोदरसे म्हणजे शंभरावर दहा." मैत्रिणींनो, मी जागच्या जागी थक्क झाले. दोन वर्षे जो शब्द रोज तोंडातून काढीत होते त्यात बारा आणि शंभर दोघे बसलेले होते, आणि मला दिसले नव्हते! त्या रात्री मी पाढ्यांतले सगळे तसले शब्द एकेक करून फोडून पाहिले.

हे सांगून मी गुरुजींना नावे ठेवीत नाही. त्यांनी पाढा पाठ करून घेतला नसता तर आजोबांनी उलगडून दाखवावे असे माझ्यापाशी काहीच नसते. पण आजोबांनी विचारले नसते तर तो शब्द मी तसाच घेऊन सासरी आले असते, हेही तितकेच खरे. सातवीनंतर माझी शाळा सुटली, कारण पुढची शाळा दुसऱ्या गावी होती आणि मुलीच्या जातीने एवढे लांब जायचे नाही असे घरात ठरले. ते जाऊ द्या, तो आजचा विषय नाही.

२०१९ साली माझा धाकटा दुसरीत गेला. त्याच वर्षी बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात एकवीस, बावीस यांच्या जोडीला 'वीस एक', 'वीस दोन' असे वाचण्याची रीत छापून आली. तुम्हाला आठवत असेल केवढा गहजब झाला! वर्तमानपत्रे भरून गेली, विधानसभेतही टीका झाली. आम्ही नळावर उभ्या राहून नावे ठेवली, की मराठीचे वाटोळे करायला निघाले. त्यात मीही होते. गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर कोण, त्यांचे म्हणणे काय, हे वाचण्याच्या आधीच मी मत देऊन मोकळी झाले होते.

पुढे आठवडाभरातच आमच्या चिरंजीवांनी पंचवीस ऐकून ५२ लिहिले. तेही एकदा नव्हे, पुन्हापुन्हा. मी रागावले, तो रडला. तेव्हा शेजारच्या अक्का तेथे होत्या. त्या विजापूरकडच्या, घरात कानडी बोलतात. त्या म्हणाल्या, "त्याची काय चूक? तुम्ही आधी पाच म्हणता, मग वीस. तो ऐकतो तसा लिहितो. आमच्यात इप्पत्तैदु म्हणतात. इप्पत्तु म्हणजे वीस, ऐदु म्हणजे पाच. बोलायचं तसंच लिहायचं." मग माझ्या डोक्यात उजेड पडला. नारळीकर बाईंचे म्हणणे हेच होते. शिवाय मराठी संख्यानामांतली जोडाक्षरे लहान मुलांना जड जातात, आणि मुलांना गणिताची भीती वाटू नये, हेही त्यांनी सांगितले होते. जुनी नावे त्यांनी काढून टाकली नव्हतीच. दोन्ही रीती शेजारी शेजारी छापल्या होत्या. पुढे वाचनालयातून मी त्यांचे 'गणिताच्या सोप्या वाटा' हे पुस्तक आणले आणि मनातल्या मनात त्यांची माफी मागितली. २०२३ साली त्या वारल्या.

मुलाला मी महिनाभर 'वीस पाच म्हणजे पंचवीस' असे जोडीने म्हणायला लावले. आज तो पंचवीसच म्हणतो, त्र्याण्णव आणि एकोणऐंशीही न अडखळता म्हणतो. 'वीस पाच' कधी गळून पडले ते मला कळलेही नाही.

आता माझ्याच एका फजितीची गोष्ट. ऑगस्ट २०२५ मध्ये आपल्या मंडळाच्या व्हॉट्सॲपवर एक संदेश आला होता. या महिन्यात पाच शुक्रवार, पाच शनिवार आणि पाच रविवार आले आहेत, असा योग ८२३ वर्षांनी एकदाच येतो, पाच जणांना पाठवा म्हणजे पैसा येईल. तो संदेश मीच पाठवला होता! मला बहिणीकडून आला, मी पुढे ढकलला. संध्याकाळी मुलीने पाहिले आणि एवढेच विचारले, "आई, ऑगस्टचे दिवस किती?" एकतीस. सात चोक अठ्ठावीस. उरले तीन. म्हणजे एकतीस दिवसांच्या महिन्यात कोणते तरी तीन वार पाच-पाच वेळा यायचेच. महिना शुक्रवारी सुरू झाला की ते तीन वार शुक्र, शनि, रवि. मी जुन्या दिनदर्शिका टाकीत नाही, त्यांच्यावर दुधाचा हिशेब असतो. काढून पाहिले तर मार्च २०२४ ची पहिली तारीख शुक्रवार, आणि त्याआधी डिसेंबर २०२३ चीही. आठशे तेवीस वर्षे कसली, दीड वर्षही झाले नव्हते. सात चोक अठ्ठावीस मला लहानपणापासून येत होते. तरी संदेश पाठवलाच ना? आणि मुलीला विचार सुचला. पण ती सात चोक फोनवर करायला गेली असती तर एवढ्यात दुसरा संदेश आला असता, हे मी तिला ऐकवायला सोडले नाही.

ही झाली गमतीची गोष्ट. पुढची मात्र गमतीची नाही.

२०२१ साली टाळेबंदीनंतर घरात पैशाची ओढ होती. शिवणकामाला जोड म्हणून मी पिको-फॉलचे मशीन हप्त्यांवर घेतले. किंमत बारा हजार, बारा हप्ते, व्याज दरमहा शेकडा दोन. दुकानदाराने कागद पुढे केला तेव्हा मी मोठ्या ऐटीत तोंडी हिशेब केला: बारा हजारांना महिन्याला दोनशे चाळीस, मुद्दलाचे हजार, हप्ता बाराशे चाळीस. वर्षाचे व्याज दोन हजार आठशे ऐंशी. तो म्हणाला, "वा ताई, तुमचा हिशेब पक्का आहे." मी खूश झाले आणि सही केली. घरी मुलीने तिच्या शाळेतल्या सूत्राने करून पाहिले: मुद्दल गुणिले दर गुणिले काळ, भागिले शंभर. तेवढेच आले. आम्ही दोघी निश्चिंत.

पाच हप्ते भरून झाले. सहाव्याचे पैसे मी डब्यातून काढून मोजीत होते. माझा धाकटा तेव्हा नऊ वर्षांचा, पाढे जेमतेम बारापर्यंत येणारा. तो शेजारी बसून पाहत होता. म्हणाला, "आई, हा हप्ता भरला की सहा हजार परत गेले ना?" म्हटले, "हो." "मग ते पैसे आता आपल्याजवळ नाहीतच. जे आपल्याजवळ नाही त्याचं व्याज का द्यायचं?"

माझ्या हातातल्या नोटा तशाच राहिल्या. त्या रात्री आम्ही तिघांनी वही घेऊन महिन्यामहिन्याचा हिशेब मांडला. पहिल्या महिन्यात बारा हजार आपल्याकडे, व्याज २४०. दुसऱ्यात अकरा हजार, २२०. तिसऱ्यात २००. असे उतरत उतरत शेवटच्या महिन्यात हजार रुपयांवर २०. पहिला आणि शेवटचा मिळून २६०, दुसरा आणि शेवटून दुसरा मिळून २६०, अशा सहा जोड्या. सव्वीस सक एकशे छप्पन मला पाठ होते, म्हणून चटकन निघाले: एक हजार पाचशे साठ. मी भरणार होते दोन हजार आठशे ऐंशी. फरक तेराशे वीस रुपयांचा. शेवटच्या महिन्यात तर हजार रुपये अंगावर आणि त्यांवर व्याज दोनशे चाळीस!

दुसऱ्या दिवशी मी दुकानात गेले. दुकानदार शांतपणे म्हणाला, "ताई, कागदावर पूर्ण रकमेवर व्याज लिहिलंय आणि तुमची सही आहे." वाचले तर खरेच लिहिले होते. भांडायला जागा नव्हती. उरलेले हप्ते मी भरले. तेराशे वीस रुपयांत त्या वेळी आमच्या घरचा दोन महिन्यांचा गॅस आला नसता असे नाही. पण पैशापेक्षा मला जास्त लागले ते त्याचे "हिशेब पक्का" हे शब्द. हिशेब पक्काच होता. गुणाकारात एका पैचीही चूक नव्हती. व्याज कशावर, एवढे मात्र मी विचारले नव्हते.

आता जे सांगणार आहे ते आपल्या कोषाध्यक्ष काकूंच्या परवानगीने सांगते. त्या पहिल्या रांगेत बसल्या आहेत. माझी पोळलेली जीभ, म्हणून मी मंडळाच्या मदत-फंडाची वही मागून घेतली. तेथेही तेच! कर्ज घेतलेल्या बाईकडून शेवटच्या हप्त्यापर्यंत पहिल्या रकमेवर व्याज. काकूंनी अठरा वर्षे ती वही सांभाळली, कधी एका रुपयाची तफावत नाही. मी विचारले तेव्हा प्रथम त्यांना राग आला, आणि येणारच. दोन दिवसांनी त्या स्वतः माझ्या दारात आल्या. म्हणाल्या, "आधीच्या बाईंनी वही दिली, तशी मी चालवली. बेरजा चोख ठेवल्या. व्याज कशावर लावायचं, हे कधी मनातच आलं नाही. तूच पहिली विचारतेस."

बरे, हा प्रश्न केवळ आकड्यांचा नव्हता. फंडातून कर्ज कोण घेतात? ज्यांच्या घरी आजारपण, ज्यांच्या मुलांची फी थकलेली, त्याच त्या चार-सहा जणी. आणि दिवाळीला व्याजाची रक्कम वाटून घेतो आपण सगळ्या. म्हणजे अडलेल्या मैत्रिणींकडून जादा घेऊन आपण साड्या घेत होतो, आणि हे आपल्यापैकी एकीच्याही मनात नव्हते. २०२२ च्या वार्षिक सभेत काकूंनीच ठराव मांडला, की व्याज उरलेल्या रकमेवर लावावे. तेव्हा काही जणींनी विरोध केला, "असेच चालत आले आहे, वाटा कमी होईल" म्हणून. वाटा कमी झालाच. ते मी लपवीत नाही. तरी ठराव झाला, आणि तेव्हापासून वहीत उतरत्या व्याजाचा रकाना आहे. तो मांडायला काकूंइतके चोख कोणालाच जमत नाही, कारण पाढे त्यांच्याइतके आपल्यात कोणाचे पाठ नाहीत.

तेव्हा माझ्या मुलीने पाठांतराची हेटाळणी करू नये. काही गोष्टी तर विचार न करता तोंडावर यायलाच हव्यात. मूल जुलाबांनी गळून गेले असता उकळून गार केलेल्या लिटरभर पाण्यात सपाट सहा चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, हे तेव्हा कोठे शोधत बसणार? रुग्णवाहिकेचा १०८ हा आकडाही तसाच. पण मीठ जास्त झाले तर का बिघडते, हे एकदा निवांत वेळी विचारून ठेवावे. म्हणजे घाईत हात आवरतो. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही घोकंपट्टीपेक्षा समजण्यावर भर द्यावा असे म्हटले आहे. धोरण दिल्लीहून निघते. आपल्या स्वयंपाकघरापर्यंत ते केव्हा पोहोचेल त्याची वाट पाहायला आपल्याला सवड नाही.

शेवटी मंडळाच्या पाठांतर स्पर्धेविषयी थोडे बोलते. गेल्या वर्षी मी गुण मांडायला बसले होते. एक चिमुरडी आली, कोणाची ते सांगत नाही. एकोणतीसचा पाढा तिने एका दमात, न चुकता म्हटला. टाळ्या झाल्या. मला राहवेना. मी विचारले, "बाळ, एक वही एकोणतीस रुपयांना, तर तीन वह्या कितीला?" ती घाबरली. पहिल्यापासून पाढा म्हणू लागली, मधेच अडकली आणि सर्वांसमोर रडू लागली. मला फार वाईट वाटले. ज्या छडीला मी लहानपणी भीत होते, तसलाच माझा प्रश्न झाला होता. चार लोकांत पकडण्यासाठी विचारलेल्या प्रश्नाने कोणाचे डोके चालत नाही.

पुढच्या आठवड्यात ती आईबरोबर ब्लाउज न्यायला आमच्याकडे आली. मी तिला गुंड्यांचा डबा दिला आणि म्हटले, तीस-तीसच्या तीन ओळी लाव. तिने लावल्या. किती? नव्वद. आता प्रत्येक ओळीतली एक गुंडी मला दे. तीन दिल्या. एका ओळीत किती राहिल्या? एकोणतीस. सगळ्या मिळून? सत्त्याऐंशी. ती थोडा वेळ ओळींकडे पाहत राहिली आणि एकदम म्हणाली, "एक उणे तीस, म्हणून एकोणतीस होय?" मग ती हटूनच बसली, चार ओळी लावते, पाच लावते. आईची घाई चाललेली, आणि हिचे गुंड्यांवरून लक्ष हलेना. अर्ध्या गुंड्या अजून माझ्या मशीनखाली सापडतात.

म्हणून माझी मंडळाला विनंती आहे, की स्पर्धा बंद करू नये; पाठ म्हणणाऱ्याला बक्षीस मिळावेच. पण त्याच्या आधी महिनाभर दर शनिवारी चार वाजता मंडळाच्या खोलीत मुलांना घेऊन बसावे. तेथे गुण नाहीत, टाळ्या नाहीत. गुंड्या, चिंचोके, बाजाराची यादी, विजेचे बिल, जे हाताशी असेल ते घ्यावे, आणि मुलांनी आपल्याला प्रश्न विचारावेत. उत्तर येत नसेल तर "मला येत नाही, आपण पाहू" असे म्हणायची तयारी हवी. मला ते जमायला बराच काळ लागला. बसायला माझ्या सासूबाई तयार आहेत, पावकी-दिडकी त्यांच्याकडे. मुलगीही येईन म्हणते, आजीचे काही चुकते का ते पाहायला. ज्यांना तीसपर्यंत पाढे येतात त्यांनी चिटणीस बाईंकडे नावे द्यावीत, आणि ज्यांना येत नाहीत त्यांनीही द्यावीत. गुंड्या मी आणते, चिंचोके कोणीतरी आणा.

मुलाने घड्याळ लावून दिले होते, ते केव्हाच वाजून गेले.